डाव्या हाताचा मासा

"साहेब, तुमच्या कपाटातला एक मासा बाकीच्यांसारखा नाही," कारागीर फोनवर म्हणाला, आणि लघुलेखकाच्या हातातल्या पेन्सिलीचं नुकतंच काढलेलं टोक मोडलं. जेवणाची सुट्टी संपायला पाच मिनिटं उरली होती. न्यायालयाच्या मागच्या अरुंद खोलीत, जुन्या फायलींच्या आणि शिळ्या चहाच्या वासात, तो रोज या वेळी सहा पेन्सिलींना टोकं काढून ठेवायचा. बाकीचे सगळे केव्हाच यंत्रावर गेले होते. हा एकटा अजून पेन्सिलीनं लिहायचा, आणि एकतीस वर्षांत त्याचा एक शब्द इकडचा तिकडे झाला नव्हता, म्हणून कुणी त्याच्या वाटेला जात नव्हतं. "म्हणजे कसा?" त्यानं विचारलं. आणि विचारता विचारताच त्याला वाटलं, हे विचारायला नको होतं.

कारागीर तरुण होता, कामावर जीव असलेला, त्यामुळे एकदा बोलायला लागला की थांबायचा नाही. दोन आठवड्यांपूर्वी लघुलेखकाच्या घराच्या वरच्या मजल्यावरची नळी फुटली होती, बाहेरच्या खोलीच्या भिंतीवरून पाणी उतरलं होतं, आणि आजोबांनी स्वतःच्या हातानं केलेल्या कपाटाचं उजवं दार खालून फुगलं होतं. ते दार बिजागऱ्यांतून काढून, चादरीत गुंडाळून, आजारी माणसाला न्यावं तसं त्यानं आणि कारागिरानं मिळून दुकानात नेलं होतं. काळसर शिसवी लाकडात लाकडाचंच एक तळं जडवलेलं: अक्रोडाचे लव्हाळे, संत्र्याच्या पिवळ्या लाकडाचे मासे, माशांच्या डोळ्यांच्या जागी शिंपल्याचे ठिपके. "नऊ मासे आहेत ना, त्यातला खालून दुसरा," कारागीर सांगत होता. "पाण्यानं तो सुटा झालाय. काठ बघितले तर सुरीचा कल उलटा. बाकीचे आठ एका हाताचे, हा दुसऱ्याच कुणाच्या. माणूस डावखुरं असणार. आणि तुमच्या आजोबांचे मासे कसे, सरळ चाललेत, शिस्तीत. हा वळतोय. काम वाईट नाही हं साहेब, पण वेगळं दिसतंच. आता सुटलाच आहे तर मी आजोबांच्या हाताशी जुळणारा नवा करून बसवतो. हा काढू ना?"

आत घंटा वाजली. न्यायाधीश येऊन बसल्याची.

"काढून टाका," लघुलेखक म्हणाला.

त्यानं फोन खिशात टाकला, पाच पेन्सिली उचलल्या आणि जाऊन आपल्या जागेवर बसला. त्या दोन शब्दांत तसं नवीन काही नव्हतं. दिवसातून चार वेळा ते त्याच्या कानांवर पडायचे. साक्षीदार भलतंच काही बोलून गेला की वर बसलेले साहेब मान न उचलता म्हणायचे, "ते काढून टाका," आणि तो त्या ओळीवर एक आडवी रेघ ओढायचा. रेघेखालचं वाचता यायचं, पण ते बोललं गेलं नाही असं सगळ्यांनी धरून चालायचं. पण आज ते शब्द त्याच्याच तोंडून निघाले होते, आणि निघाले ते विचार करून नव्हे. तापलेल्या तव्यावरून हात मागे यावा तसे निघाले होते. "डावखुरं माणूस" हे ऐकल्यावर आणि घंटा वाजायच्या आधी जो एक क्षण गेला, त्या क्षणात त्याला सगळं कळलं होतं. घरात डावखुरं माणूस एकच. ताई.

समोर एका कुंपणाच्या भिंतीचा खटला चालू होता. दोन शेजाऱ्यांनी एकमेकांचं तोंड बघायचं नाही असं ठरवून अकरा वर्षं झाली होती. एक म्हातारा गवंडी साक्षीला उभा होता. "हे मीच केलं," गवंडी नकाशावर बोट ठेवून म्हणाला, "आणि हे नंतर कुणी तरी केलं." साहेब म्हणाले, "हे म्हणजे काय, ते नाव घेऊन सांगा. लिहिणाऱ्याला बोट दिसत नाही." हेही रोजचंच. पण लघुलेखक आज त्या शब्दावर अडला. 'हे' म्हणजे काय? 'हे' या शब्दाला स्वतःचं असं काहीच नसतं, बोट दाखवलं तरच त्याला अर्थ. आणि दारामागे उभ्या असलेल्या माणसाला बोट दिसत नाही, नुसता शब्द ऐकू येतो. तो थांबला. त्याची पेन्सिल थांबली. गवंडी बोलत राहिला, वकील बोलत राहिला, आणि जरा वेळानं साहेब म्हणाले, "शेवटचं उत्तर वाचून दाखवा." त्यानं कागदाकडे पाहिलं. कागद अर्ध्यावरून कोरा होता. एकतीस वर्षांत पहिल्यांदा त्या खोलीतली सगळी माणसं त्याच्याकडे वळून बघत होती, ज्याच्याकडे कधीच कुणी बघत नसे त्याच्याकडे. "बरं नाही का?" साहेबांनी आवाज उतरवून विचारलं. "नाही, म्हणजे, बरं आहे," तो म्हणाला, आणि हे दोन्ही त्यानं सवयीनं लिहून घेतलं.

तो अकरा वर्षांचा होता आणि ताई सोळाची. घराच्या मागच्या खोलीत आजोबांचं काम चालायचं. पातेल्यात सरस कढत असायचा, त्याचा उग्र वास पडद्यांना, उशांना, अगदी केसांनासुद्धा येई. ताई शाळेतून आली की दप्तर टाकून थेट तिथं जायची आणि कामाच्या बाकापाशी बसायची. आजोबा तिला काठाच्या पट्ट्या कापायला द्यायचे, सरळ, सारख्या, शेकड्यांनी. तिनं उजव्या हातानं कापावं म्हणून त्यांनी वर्षभर प्रयत्न केला आणि मग नाद सोडला. तिच्या पट्ट्या एकाला एक लागायच्या, मध्ये नखसुद्धा जायचं नाही. त्यालाही बसायचं होतं. एकदाच त्यानं तसं म्हटलं, तेव्हा आजोबांनी त्याचे दोन्ही तळवे धरून उताणे केले, बघितले आणि म्हणाले, "तुझ्या हाताला घाम येतो. लाकडाला पाणी चालत नाही. जा, खेळ जा." रागावून म्हणाले असते तर त्यानं रडून घेतलं असतं. ते अगदी साधेपणानं म्हणाले, लाकडाची गाठ बघून फळी बाजूला ठेवावी तसे.

मग आजोबा लाकूड आणायला दोन दिवस बाहेरगावी गेले. कपाटाचं उजवं दार बाकावर आडवं पडलं होतं, मासे बसवून झालेले, पॉलिश व्हायचं होतं. दुपारी घर आडवं झालं होतं, ताई शिवणाच्या वर्गाला गेली होती. त्यानं ताईची सुरी घेतली. त्याला काही मोडायचं नव्हतं, हे तो स्वतःला पुढं आयुष्यभर सांगत आला, आणि ते खरंही होतं. एक मासा उचलायचा, आणि परत बसवायचा. इतकंच. मग त्या कपाटात एक मासा त्यानं बसवलेला असेल, कुणाला कळणार नाही, पण असेल. सुरीचं टोक आत गेलं, मासा जरा उचकला, त्याला आनंद झाला, आणि त्याच आनंदात कट् असा लहानसा आवाज होऊन माशाचे तीन तुकडे झाले. त्यानं ते गार, चिकट सरसानं कसेबसे परत चिकटवले, फटीत मेणबत्तीचं मेण भरलं, आणि सुरी न पुसताच होती तिथं ठेवली. त्यानंतर दोन दिवस त्याचं पोट दुखत होतं. आधी ते खोटंच दुखत होतं, मग खरं दुखायला लागलं.

आजोबा परत आले त्या संध्याकाळी तो मागच्या खोलीच्या दाराआड उभा होता. आत दोघंच होते. बराच वेळ काही आवाज नाही. मग आजोबांचा आवाज, नेहमीचाच, ना चढा ना उतरता: "हे तू केलंस?" आणि ताईचा: "हो. मी केलं." मग टेबलाचा खण उघडला, काही तरी आत पडलं, खण बंद झाला. "उद्यापासून आईला घरात मदत कर," आजोबा म्हणाले. ताई बाहेर आली ती त्याच्या अंगाला घासून गेली, पण तिला तो दिसला नाही. तिचा चेहरा पांढराफटक होता. दुसऱ्या दिवसापासून ती मागच्या खोलीत गेली नाही. ती तिथं पुन्हा कधीच गेली नाही.

तिनं ते आपल्या अंगावर घेतलं, त्याच्यासाठी. हे त्याला त्या क्षणी कळलं आणि पुढची शेहेचाळीस वर्षं कळत राहिलं. आठवडाभरानं धीर करून त्यानं दार पाहिलं तेव्हा मासा अखंड होता. आजोबांनी दुरुस्त केला असणार, असं त्यानं धरलं आणि पुन्हा त्या कोपऱ्याकडे बघितलं नाही. त्याला कुणी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर सांगितलं असतं, असं तो मनाशी म्हणायचा. आणि मग ज्या कामात दुसऱ्यानं विचारायचं, तिसऱ्यानं सांगायचं आणि आपण खाली मान घालून नुसतं लिहायचं, त्या कामाला तो लागला. ताई तयार कपड्यांच्या कारखान्यात लागली, कापड बेतायला. पंधरा वर्षांत कटिंग मास्तर झाली. चाळीस बायका तिच्या हाताखाली, आणि डाव्या हाताची कात्री तिनं खास बनवून घेतलेली. कपाट आजोबांनंतर वडिलांकडे आणि मग त्याच्याकडे आलं. ताई वर्षातून दोन-तीनदा त्याच्याकडे यायची. दारातून आत आली की बाहेरची खोली ओलांडून सरळ स्वयंपाकघरात जाऊन बसायची, आणि निघताना तशीच सरळ निघायची. कपाटाकडे ती बघत नाही, हे त्याच्या बायकोच्याही लक्षात आलं होतं. ते त्याच्या लक्षात यायला कुणी सांगावं लागत नव्हतं.

आणि आज कळलं की मासा आजोबांनी दुरुस्त केलाच नव्हता. ताईनं नवा केला होता. म्हणजे तिला तुकडे सापडले, ते कुणी केले हे तिनं ओळखलं, आपल्या हातानं त्याचा गुन्हा झाकला, आणि झाकता झाकता पकडली गेली. तो समजत होता त्याच्या दुप्पट तिनं केलं होतं. आणि त्यानं काय केलं? काढून टाका, म्हणाला. त्याच जागचा मासा, दुसऱ्यांदा.

घरी आला तेव्हा बाहेरच्या खोलीत कपाट एका दारानं उभं होतं. उघड्या बाजूला घड्या घातलेले कपडे, औषधांचा डबा, वीजबिलांची पुडकी, असं सगळं पोट दिसत होतं. तो बूट न काढता त्याच्यासमोर उभा राहिला. डाव्या दारावर बगळा होता, हे माहीत होतं. बगळ्याच्या चोचीत काही आहे की नाही, हे बघितल्याशिवाय त्याला आठवलं नाही. बायकोनं चहा आणला, त्याचा चेहरा बघितला आणि विचारलं. त्यानं तिला निम्मं सांगितलं. मासा ताईनं केलेला आहे, एवढंच. "अगं बाई! मग थांबवा की त्याला," ती म्हणाली. "फोन करा आत्ता. आणि ताईंना विचारा, त्यांना काय वाटतं ते." त्यानं फोन लावला. पलीकडे एकदा वाजला, आणि दुसऱ्यांदा वाजायच्या आत त्यानं बंद केला. "उचलत नाहीये," तो म्हणाला. का, हे त्याचं त्यालाच कळेना. कदाचित मासा निघून गेलेलाच बरा, म्हणजे मग काही सांगायला नको, विचारायला नको, असं आतून कुणी तरी म्हणत होतं. ते अकरा वर्षांचंच होतं, आणि त्याचे हात अजून ओले होते. तो जेवला नाही. खुर्चीवरून उठून खिडकीपाशी गेला, खिडकीतून परत खुर्चीवर आला, वर्तमानपत्राचं एकच पान चारदा उलटलं. बायको शेवटी म्हणाली, "अहो, बसा तरी, नाही तर जा तरी."

सकाळी त्यानं रजा टाकली आणि बसनं ताईकडे गेला. ती शहराच्या दुसऱ्या टोकाला, तिसऱ्या मजल्यावर एकटी राहायची. नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती. दार उघडून तिनं त्याला पाहिलं, कामाच्या दिवशी, सकाळी दहाला, आणि दाराची कडी धरूनच विचारलं, "कोण गेलं?"

"कुणी नाही गं. सहजच आलो."

"तू सहज? ये. पायाखाली बघ, कापड आहे."

जमिनीवर पडद्याचं निळं कापड पसरलं होतं, शेजारणीचं. ती पुन्हा खाली बसली आणि कात्री चालवायला लागली. बासष्टाव्या वर्षीही तिचा हात कापडावरून न थांबता, न खुणा करता सरकत होता. इतक्या वर्षांत अंगठा मात्र मुळाशी वाकला होता. तो खुर्चीच्या टोकावर बसला. रस्त्यानं त्यानं सगळं मनात जुळवून ठेवलं होतं, पहिलं वाक्य, दुसरं वाक्य, कुठं थांबायचं. "ताई, आजोबांच्या कपाटातला मासा मी तोडला होता," तो एकदम म्हणाला. "तू नाही. मी. तुझ्या सुरीनं."

कात्री थांबली नाही. "ठाऊक आहे," ताई म्हणाली. "मेणाला तुझ्या बोटांचे ठसे होते. एवढाले."

"आणि तू माझ्यासाठी ते अंगावर घेतलंस. आजोबांनी विचारलं, हे तू केलंस, आणि तू हो म्हणालीस. मी दारामागेच होतो. सगळं ऐकलं. आत येऊन बोलायला हवं होतं, नाही आलो. माझ्यामुळे तुझं सगळं सुटलं. तुझं काम सुटलं. मला शेहेचाळीस वर्षं..."

आता कात्री थांबली. ताईनं ती बाजूला ठेवली आणि त्याच्याकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. तिला कळत नव्हतं की हा काय बोलतोय.

"तुझ्यासाठी?" ती म्हणाली. "कोण म्हणालं तुला? अरे बारक्या, तुझ्यासाठी मी काय म्हणून अंगावर घेऊ? तुला दोन दणके बसले असते आणि संपलं असतं. आजोबांनी मला, 'हे तू तोडलंस?' असं विचारलंच नाही. तुटलेलं त्यांनी बघितलंच कुठं? ते परत यायच्या आत मी नवा मासा करून बसवला होता. वर्गातून आले, बघते तर तीन तुकडे आणि तुझा तो मेणाचा चिखल. आणि मला काय वाटलं सांगू? राग नाही आला. मला वाटलं, जागा मिळाली! दोन वर्षं नुसत्या पट्ट्या कापत होते. मासा कधी दिला नसता त्यांनी मला. आणि आता समोर एक मासा नव्हता. ती रिकामी जागा बघून माझे हात शिवशिवायला लागले. दीड दिवस लागला. आईला सांगितलं, डोकं दुखतंय, आणि मागच्या खोलीत जाऊन कापत बसले. सरळ करायचा नाही, हे आधीच ठरलं होतं. वळणारा करायचा. पाण्यात मासा काय रांगेत चालतो?"

ती बोलता बोलता उठून उभी राहिली होती. "आजोबा आले, त्यांनी अंगठा फिरवला दारावरून. सांधा लागला नाही त्यांना. दोनदा फिरवला. मग म्हणाले, हे तू केलंस? तो मासा, बारक्या. मासा तू केलास, असं विचारत होते ते. आणि मी हो म्हटलं, छाती काढून म्हटलं. मला वाटलं, आता म्हणतील, बस, पुढचं काम आपण दोघं करू." ती थांबली. "सुरी घेऊन खणात टाकली. वाईट झाला असता ना, तर शिकवलं असतं त्यांनी मला. चांगला झाला, म्हणून बाकापासून उठवलं. त्यात तू कुठं आलास?"

लघुलेखकाला हलकं वाटायला हवं होतं. एवढं मोठं ओझं कुणी तरी उचलून घेतलं होतं, पण त्या जागी काहीच उरलं नव्हतं. त्यानं ज्याच्याभोवती आपलं सगळं आयुष्य दबक्या पावलांनी चालवलं, ते त्याचं नव्हतंच. शेहेचाळीस वर्षं एक साक्ष त्यानं पाठ केली होती, आणि त्यातला 'हे' चुकीचा लिहिला होता. "पण मग तू," तो चाचरत म्हणाला, "घरी आलीस की कपाटाकडे बघत नाहीस. मला वाटायचं, माझ्यावरचा राग."

"राग आहेच तुझ्यावर," ताई म्हणाली, आणि या वेळी तिचा आवाज खरोखर चढला. "तोडल्याचा नाही. कपाट तीस वर्षं तुझ्या घरात आहे. रोज त्याच्यासमोर चहा पितोस. एकदा, एकदा तरी म्हणालास, ताई, हा एक मासा बघ गं, हा वेगळाच आहे? मी मुद्दाम बघत नव्हते. म्हटलं, मी दाखवणार नाही. तो बघेल कधी तरी. लिहिणारा माणूस, बारीक नजरेचा. शेवटी मी म्हातारी झाले."

आता जे सांगायचं होतं ते त्यानं रस्त्यात जुळवलं नव्हतं. "ताई, काल कारागिराचा फोन आला होता. त्यानं बघितला. म्हणाला, एक मासा दुसऱ्या हाताचा आहे, डाव्या. काढू का म्हणाला." तो थांबला. तिनं विचारलं नाही, नुसती बघत राहिली. "मी म्हटलं, काढून टाका."

ताईनं कापडाची घडी करून खाटेवर टाकली, दोरीवरची ओढणी घेतली, पायांत चपला सरकवल्या.

"चल," ती म्हणाली.

बसमध्ये ती खिडकीशी बसली आणि बाहेर बघत राहिली. तो शेजारी. प्रत्येक थांब्यावर त्याला वाटायचं, ती आता बोलेल, शिव्या दिल्या तरी चालतील. एकदा ती बोलली. "कोण आहे हा कारागीर? शिकलेला आहे का कुणाकडे?" तो म्हणाला, मला माहीत नाही. "कसं माहीत नाही? दार दिलंस ना त्याला?" तिची बोटं मांडीवर ओढणीचा काठ चाचपत होती, सारखी, टोकापासून टोकापर्यंत.

कारागिराचं दुकान सायकलींच्या दुकानाच्या वर होतं. लाकडी जिना चढता चढताच तो वास आला, कढत्या सरसाचा, आणि लघुलेखकाचा पाय एका पायरीवर अडकला. ताई पुढं गेली होती. वर, खिडकीच्या उजेडात, दोन लाकडी घोड्यांवर दार आडवं ठेवलेलं होतं, आणि खालून दुसऱ्या जागी माशाच्या आकाराची खाच होती, आतून फिकट, ताज्या जखमेसारखी. शेजारी कागदावर कारागिरानं नवा मासा रेखून ठेवला होता. सरळ, आजोबांच्यासारखा.

"काढला?" लघुलेखकानं विचारलं.

"काढला साहेब, तुम्ही म्हणालात ना. पण टाकवेना." कारागिरानं एका फळीवरचं वजन उचललं. खाली दोन कागदांमध्ये मासा होता, अंगठ्याहून जरा मोठा, सात तुकडे जोडून केलेला, पिवळा, कमरेत वळलेला. "वाळवत ठेवलाय. कुणाचं काम आहे, काही कळलं का?"

"हिचं," लघुलेखक म्हणाला. त्याला आपलाच आवाज मोठा वाटला. "ही माझी ताई. हे, म्हणजे हा मासा, हिनं केला, सोळा वर्षांची असताना. आधीचा मी तोडला होता."

"अच्छा, अच्छा," कारागीर म्हणाला, आणि त्याच्याकडे न बघता ताईकडे वळला. "ताई, कल्ल्यापाशी सुरी कशी फिरवली हो तुम्ही? मी सकाळपासून बघतोय. तिथं लाकडाच्या रेषा उलट्या जातात, तुकडा उडायला हवा."

ताईनं मासा तळहातावर घेतला होता. उजेडाकडे धरला, उलटा केला, परत सुलटा केला. "उडालाच," ती म्हणाली. "दोन उडाले. मग तुकडा पाण्यात भिजवला आणि ओला असताना कापला. आजोबा ओल्याला हात लावू द्यायचे नाहीत." कारागीर हसला. "आणि हा कल्ला जाड झालाय," ती पुढं म्हणाली. "तेव्हा दिसला नव्हता. हाच बसेल ना परत?"

कारागिरानं मान हलवली. "नाही बसणार, ताई. शेपटीला बघा, चीर गेलीय पाण्यानं. दाबलं की दोन होणार. सांभाळून ठेवता येईल, दारात नाही जायचा."

लघुलेखकाला वाटलं, आता ती रडेल, आणि रडली तर तिला कुठं धरायचं, खांद्याला की हाताला, हे त्याला ठरवता येईना. ताईनं तो मासा त्याच्यापुढे धरला. "घे," ती म्हणाली. "आता बघ नीट." त्यानं कागदासकट घेतला आणि खिडकीपाशी जाऊन बघायला लागला. शिंपल्याचा डोळा मध्यावर नव्हता, किंचित मागे होता. त्यामुळे मासा जिकडे चालला होता तिकडे न बघता मागे वळून कुणाकडे तरी बघत होता. पोटाकडचा तुकडा पाठीकडच्यापेक्षा फिका होता, अगदी थोडा, उजेड खालून यावा तसा. एवढं तरी त्याला दिसलं. अजून किती तरी दिसायचं राहिलं असणार, हे त्याला आता कळत होतं, आणि ते काही त्याला कुणी वाचून दाखवणार नव्हतं.

मागे ताई कारागिराशी बोलत होती. सरस किती पातळ ठेवता, पॉलिश कुठलं, खाच एवढी खोल का गेली. कारागीर एकेक उत्तर देत होता, मध्येच आपलं एखादं काम काढून दाखवत होता. तिनं एक फुकट गेलेला तुकडा मागितला, एक सुरी मागितली, ती डाव्या हातात धरून पाहिली, मूठ आवडली नाही, दुसरी घेतली. वाकलेला अंगठा पात्यावर नीट बसेना. तिनं तो दुसऱ्या हातानं ओढून जागेवर आणला. एक रेघ ओढली, ती घसरली. दुसरी ओढली, तीही जरा घसरली. तिसरीला ती थांबली, डोळे बारीक करून तिनं लाकडाच्या रेषा बघितल्या आणि तुकडा फिरवून घेतला.

"पिवळं लाकूड आहे ना तुझ्याकडे?" तिनं विचारलं. 'तुमच्याकडे' वरून 'तुझ्याकडे' कधी झालं, हे तिघांनाही कळलं नव्हतं.

"आहे, आतमध्ये आहे. पण ताई, मी करून देतो ना. हाच नमुना ठेवून, वळणाराच करतो."

"उद्या दुकान किती वाजता उघडतोस?"

"साडेनऊला. का हो?"

"आठला उघड," ताई म्हणाली.